मदुराईला का जायचं ठरवलंय

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी तुम्ही फोनवर म्हणालात की एसटी स्टँडसमोरचा गाळा मोकळा झालाय, दसऱ्याला दवाखान्याचा मुहूर्त करू, फंडाचे पैसे नाहीतरी पडूनच आहेत. मी तेव्हा धड उत्तर दिलं नाही. वॉर्डात होते हे खरं, पण फोनवर चार वाक्यांत हे तुमच्या गळी उतरवणं मला जमलं नसतं. म्हणून सावकाश लिहायला बसलेय. गाळ्याचं डिपॉझिट देऊ नका. बॉन्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष संपलं की मला अजून दीड-दोन वर्षं शिकायचं आहे, आणि त्यासाठी मी मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात फेलोशिपचा अर्ज भरलाय.

"एमएस झालीस, आता आणखी काय शिकायचं राहिलं?" हा तुमचा प्रश्न मला इथे ऐकू येतो. त्याचं उत्तर माझ्या लॉगबुकात आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हातानं झालेली मोतीबिंदूची ऑपरेशनं ११८. त्यातली फेको फक्त ९. बाकी सगळी एसआयसीएस, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागात साधारण ६ मिलिमीटरचा बोगदा करून पिकलेली लेन्स अख्खी बाहेर काढायची, आणि बोगदा नीट झाला असेल तर टाका न घालता तो आपोआप मिटतो. फेकोत छेद तीन मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, लेन्स आतच ध्वनिलहरींनी फोडून ओढून घ्यायची. आपल्या भागातले लोक अगदी भिंत चाचपत चालायची वेळ आली की मग येतात, तोवर मोतीबिंदू तपकिरी, दगडासारखा झालेला असतो. तिथे एसआयसीएस पक्की यायलाच हवी. पण शाळेतला शिक्षक, एसटीचा ड्रायव्हर चाळिशी-पन्नाशीत मऊ मोतीबिंदू घेऊन येईल त्याला फेकोच द्यायला हवी. आणि फेको करताना मध्येच अडलं तर तिथल्या तिथे एसआयसीएसवर यायची तयारी लागते. दोन्ही हातात बसल्याशिवाय एकटीनं दवाखाना टाकणं मला बरोबर वाटत नाही. आपल्या गावात माझ्या पाठीमागे उभं राहायला कुणी नसेल.

गेल्या वर्षी मी तुमच्याकडून पंचेचाळीस हजार घेऊन एका फेको कोर्सला गेले होते. त्याचं तुम्हाला कधी पूर्ण सांगितलं नाही. माहितीपत्रकावर 'हँड्स-ऑन, पाच केसेस' असं छापलं होतं. आम्ही अकरा जण होतो. माझ्या वाट्याला दोन डोळे आले, त्यातही लेन्स फोडायचं काम तिथल्या सर्जननं केलं आणि मला फक्त शेवटी कृत्रिम लेन्स बसवायला दिली, जे मला आधीच येत होतं. उरलेले दिवस पडद्यावर बघत बसले. निघताना सोनेरी काठाचं प्रमाणपत्र मिळालं. बाबा, ती तुमची एफडी मोडून दिलेली रक्कम होती. ट्रेनमध्ये मी रडले होते. माझ्या मागून येणाऱ्या ज्युनियर पोरी विचारतात तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगते, कारण असल्या जाहिराती त्यांच्याही मोबाइलवर रोज येतात आणि त्यांच्याही घरी एफडीच मोडतात.

आता कुठलाही कोर्स दिसला की फी किती, हे मी सगळ्यात शेवटी बघते. आधी तिथून गेल्या वर्षी शिकून गेलेल्यांना फोन लावते. पूर्ण केस किती मिळाल्या, अर्धवट किती? पहिल्या दिवशी सरळ रुग्णाच्या डोळ्याला हात लावायला देतात, की आधी वेट लॅबमध्ये बसवतात? (आई, तू माळकरी, तुला कसंतरी होईल, पण आम्ही मटणाच्या दुकानातून बकऱ्याचे डोळे आणून सूक्ष्मदर्शकाखाली बोगदा कापायला शिकतो. पहिले तीस-चाळीस डोळे माझ्याकडून नुसते फाटले. ते माणसाचे असते तर?) आणि सगळ्यात महत्त्वाचं, गडबड झाली तर शिकवणारा कुठे असतो?

हे शेवटचं मी मार्चमध्ये शिकले. एक आजी होत्या, शेतमजुरी करणाऱ्या. "आजी, पायाकडे बघा," म्हटलं की अगदी शाळेतल्या मुलीसारख्या खाली बघायच्या. लेन्स बाहेर आली आणि लेन्सच्या पिशवीचा मागचा पडदा फाटल्याचं मला दिसलं. हा पडदा मधोमध जेमतेम ४ मायक्रॉन जाडीचा असतो, आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. माझा हात घाबरून मागे यायला लागला. सर माझ्या शेजारी बसले होते. आवाज न चढवता म्हणाले, "हात आहे तिथेच ठेव. आधी दुसऱ्या हातानं जेल भर, मग बाहेर ये." झटकन हात काढला असता तर डोळ्यातला दाब एकदम उतरून आतलं पारदर्शक द्रव्य पुढे आलं असतं आणि फट मोठी झाली असती. सरांनी पुढचं स्वतः केलं, एकेक पायरी बोलत बोलत. लेन्सही बसली. दीड महिन्यानं आजींना चष्म्यानं तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचता आली. "आहे तिथेच ठेव" हे वाक्य पुस्तकात मी दहा वेळा वाचलं असेल. पण हातानं ते त्या दिवशी ऐकलं. शेजारी बसून ते म्हणणारा माणूस जिथे शेकडो ऑपरेशनांपर्यंत मिळेल, ती जागा मला हवी आहे.

मोठी नावं बरीच आहेत. चेन्नईचं शंकर नेत्रालय, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, दिल्लीच्या एम्सचं आर. पी. सेंटर. माझ्या बॅचमधला एक जण रेटिनाचं, म्हणजे दृष्टिपटलाचं, एफएनबी (एमएसनंतरचा कोर्स) करायला निघालाय, तेही दोन वर्षांचं. पण रेटिनाचा सर्जन व्हायचं तर पुढे मोठ्या शहरातच राहावं लागतं, ती यंत्रसामग्री आपल्या तालुक्यात परवडणारी नाही. मला परत यायचंय. म्हणून एकाच उपशाखेची फेलोशिप न घेता मी जनरल ऑफ्थॅल्मॉलॉजीची मागितली, ज्यात मोतीबिंदूवर भर असतो आणि काचबिंदू, मधुमेहाचा दृष्टिपटलावरचा परिणाम हेही बघायला मिळतं. एफआरसीएस ग्लासगो करावं का असं काकांनी विचारलं होतं. ती परीक्षा चांगली आहे, अभ्यास पक्का होतो, नावापुढे अक्षरंही लागतात. पण ती परीक्षाच, तिनं हात तयार होत नाही. नोकरी करता करता कधीही देता येईल.

बाबा, तुम्ही "सरकारमान्य आहे का?" असं विचाराल. ऑपरेशन करायला माझं एमएस आणि कौन्सिलची नोंदणी पुरते. फेलोशिप हा काही परवाना नाही. मी कागदासाठी जात नाहीये.

आणि अरविंदच का, तर एक गोष्ट तुम्हाला आवडेल. ते रुग्णालय १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी ११ खाटांवर सुरू केलं. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या ५८ व्या वर्षी. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालात तेच वय. तरुणपणी संधिवातानं त्यांच्या हाताची बोटं वाकडी झाली होती, त्याच बोटांनी ते शस्त्रक्रिया करायला शिकले. आज तिथे पैसे देणारे आणि फुकट उपचार घेणारे दोघेही येतात आणि तेच डॉक्टर दोन्हीकडे काम करतात. परदेशी लेन्स गरिबाला परवडत नव्हत्या म्हणून त्यांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून त्या इथेच बनवायला घेतल्या. आपल्याकडे शिबिरात भारतीय लेन्स बसते, तिची किंमत खाली आणण्यात या लोकांचा मोठा हात आहे.

तमिळ येत नाही ही अडचण आहे, पण मी सुरुवात केलीय. 'कीळे पारुंग' म्हणजे खाली बघा, 'मेले पारुंग' म्हणजे वर बघा. एवढ्यावर ऑपरेशन टेबल निभावतं, ओपीडीत मात्र पुष्कळ शिकावं लागेल.

एक लहान प्रशिक्षण मला त्याआधी करायचंय. रेसिडेन्सीत तीन महिने जिल्हा रुग्णालयात होते ना, तिथे नवजात शिशू कक्षात दीड किलोची, तेराशे ग्रॅमची बाळं असायची. अशा काही बाळांच्या दृष्टिपटलावर नको तिथे रक्तवाहिन्या वाढतात आणि वेळेत लेझर झालं नाही तर बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. त्या तीन महिन्यांत ते करणारं तिथे कुणी नव्हतं. मला तेव्हा आत्मविश्वासानं करता येत नव्हतं, म्हणून मी बाळांच्या आयांना शंभर किलोमीटरवर पाठवत होते, आणि सगळ्या गेल्या असतील असं मला वाटत नाही. ही तपासणी शिकून आले तर दवाखान्याचं आपलं आपण बघू, पण आठवड्यातून एक दिवस त्या कक्षात मी जाणारच.

पैशाचं सांगते. फेलोशिपला फी भरायची नसते, उलट विद्यावेतन मिळतं, माझं माझं भागेल. घरी फार पाठवता येणार नाही. फंडाला हात लावू नका, पुढे सूक्ष्मदर्शक आणि फेको मशीन घ्यायची वेळ येईल तेव्हा बँकेचं कर्जच काढू. गाळे तेव्हाही मिळतील.

आई, आता तुझ्याशी. उजव्या डोळ्यानं सुईत दोरा ओवता येत नाही, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतात, हे तू मला दिवाळीपासून सांगतेस आणि "लेकीच्या हातूनच करीन" म्हणून थांबलीस. थांबू नकोस. मोतीबिंदू पिकू द्यायचा हा जुना काळ होता. आत्ता तो मऊ आहे, फेको सोपी होईल. दोन वर्षांनी कडक होईल. माझ्या नऊ फेकोंवर मी तुझा डोळा धरणार नाही. सोलापूरला माझ्या सिनियर मॅडम आहेत, त्यांचा हात मी डोळ्यांनी पाहिलाय. त्यांच्याशी बोललेय. पुढच्या महिन्यातला दुसरा गुरुवार दिलाय. त्याआधी साखर आणि बीपी तपासून घे, लेन्सचा नंबर त्या तिथेच मोजतील. आणि बाबा, तुम्हीही त्याच फेरीत डोळे दाखवा, पण तुमची प्रोस्टेटची गोळी चालू आहे तिचं नाव त्यांना आठवणीनं सांगा. तसल्या काही गोळ्यांनी बुबुळ सैल पडतं, सर्जनला आधी माहीत असलेलं बरं.

मी आदल्या दिवशी, बुधवारी रात्रीच्या गाडीनं येतेय, आठ दिवसांची रजा मंजूर झालीय. ड्रॉप्स मीच घालीन. चुलीपाशी तुला तेवढे दिवस जाऊ देणार नाही, हे बाबांनाही सांगून ठेव.

तुमची,
अनू