जनावरं पारखणाऱ्या पोरांसाठी मदतीचं आवाहन

माणदेशातील समस्त शेतकरी, पशुपालक, मेंढपाळ, तसंच पुण्या-मुंबईत आणि परराज्यात सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात असलेले आमचे गलाई बांधव यांस सप्रेम नमस्कार.

यंदाच्या यात्रेत, जनावरांच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी जनावर पारखण्याची स्पर्धा घ्यायचं समितीने ठरवलं आहे. इथे बक्षीस जनावराला नाही, पारखणाऱ्याला आहे.

अमेरिकेत फोर-एच आणि एफएफए या मुलांच्या संघटना अशा स्पर्धा कित्येक वर्षं घेत आल्या आहेत. पद्धत त्यांची घेतली आहे, जनावरं मात्र आपली. एका वर्गात चार जनावरं उभी करायची, प्रत्येकाला फक्त नंबर. मालकाचं नाव कुठेच नाही. सरपंचांचं खोंड म्हणून पहिलं, हे इथे चालायचं नाही. मुलांनी पंधरा मिनिटांत पुढून, मागून, चालवून बघायचं आणि एकमेकांशी न बोलता क्रम लावून चिठ्ठी द्यायची. परीक्षकांचा क्रम 3-1-4-2 असेल आणि पोराने 1-3-4-2 लावला, तर वरची दोन्ही जनावरं तोडीस तोड असल्यास 50 पैकी थोडेच गुण जातात. उघड फरकाच्या जोडीत चुकला तर जास्त कापले जातात.

पुढचा भाग आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. परीक्षकांसमोर उभं राहून, हातात कागद न घेता, दोन मिनिटांत कारणं सांगायची. त्यालाही 50 गुण. ‘तीन नंबर वर ठेवला, कारण त्याची पाठ सरळ आहे, खूर काळे आणि टणक आहेत, चालताना पाऊल मोकळं पडतं. एक नंबरची शिंगं आणि तोंडाची ठेवण सरस, हे मान्य. पण चालताना त्याचे मागचे पाय एकमेकांना घासतात.’ असं बोलता आलं पाहिजे. आपल्या बाजारात भाव रुमालाखाली बोटांवर ठरतो आणि जाणता माणूस आपली पारख कुणाला सांगत नाही. म्हणून ती त्याच्याबरोबरच जाते. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला आणि आपल्या खिल्लार जातीच्या बैलांना पुन्हा मागणी आली, याचा आनंदच आहे. पण पोरांची नजर नुसती पळण्यावर गेली. गाईची कास, कालवडीचा बांधा बघणार कोण?

संघ चार जणांचा. बेरजेला सर्वांत चांगले तिघांचे गुण धरले जातील. शाळेने, तरुण मंडळाने किंवा नुसत्या वस्तीनेही संघ पाठवावा. मुलींचा संघ आला तर विशेष आनंद, कारण गोठ्यातलं काम बहुतेक घरांत त्याच करतात. वर्ग पाच: आदत (अजून दुधाचे दात असलेली) खोंड, दोन दाती (पहिले दोन पक्के दात आलेल्या) कालवडी, दुभत्या खिल्लार गाई, माडग्याळ मेंढ्या, आणि घरी जनावर नसलेल्यांचाही सराव व्हावा म्हणून मालदांडी ज्वारीची कणसं.

आता मदतीचं. सर्वांत आधी जनावरं हवीत. प्रत्येक वर्गाला चार आणि एक राखीव, तीही सारख्या वयाची, नाहीतर तुलना कसली? जनावर शांत असावं, कासरा धरायला घरचा माणूस सोबत यावा, कानात बारा अंकी बिल्ला आणि लंपीची लस झालेली असावी. चारा, पाणी आणि टेम्पोचं भाडं समिती देईल. सुंदर जनावरंच आणा असं नाही. चारही उत्तम असली तर मुलं शिकणार काय? थोडं उणं असलेलंही पाठवा, मालकाची लाज जाणार नाही, नाव गुप्तच राहील.

दुसरं, माणसं. निवृत्त पशुवैद्यक आणि बाजारात केस पांढरे झालेले जाणकार, दोघंही प्रत्येक वर्गाला हवेत. यात्रेआधीचे दोन रविवार सरावासाठी दिलेत तर फारच उत्तम.

तिसरं, पैसा. मांडव, लांबच्या वाड्या-वस्त्यांवरच्या संघांचा प्रवास, दोन वेळचं जेवण आणि बक्षिसं एवढाच खर्च आहे. हार-तुरे, मोठे फलक, पाहुण्यांचे सत्कार यावर देणगीतला रुपयाही जाणार नाही. कुणाला एका संघाचा किंवा एका वर्गाचा खर्च उचलायचा असेल तर तसं सांगावं. रोख नको असेल तर कडब्याच्या पेंढ्या, ज्वारी, तूरडाळही चालेल. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि यात्रा संपल्यावर हिशेब मारुती मंदिराच्या फळ्यावर लागेल.

संघांची नावं आणि देणग्या समितीच्या कार्यालयात रोज संध्याकाळी सहानंतर घेतल्या जातील. जनावर देणाऱ्यांनी मात्र यात्रेच्या आठ दिवस आधी कळवावं. दात बघून वर्ग लावायला तेवढा वेळ लागतो.

आपली,
यात्रा व पशुप्रदर्शन समिती