तीन वह्या, एक गरोदर बाई

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माता-बालआरोग्याचा विषय निघाला की 'विभागांचा समन्वय' आणि 'लोकसहभाग' हे दोन शब्द हमखास येतात. गावात हा समन्वय नेमका कुठे तुटतो, ते बैठकांच्या इतिवृत्तांतून कळत नाही. त्यासाठी अंगणवाडीत बसून तीन नोंदी शेजारी-शेजारी उघडाव्या लागतात: आशाताईंची (गावातल्या आरोग्य कार्यकर्तीची) डायरी, अंगणवाडी सेविकाताईंच्या मोबाइलमधला पोषण ट्रॅकर (नोंदींचे सरकारी ॲप) आणि एएनएम सिस्टरांचे, म्हणजे उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेचे, आरसीएच (प्रजनन व बालआरोग्य) रजिस्टर. तिन्हींत गरोदर बायांची संख्या सारखी निघाली तर ते गाव अपवादच म्हणायचे.

संख्या किती असायला हवी, याचा हिशेब सोपा आहे. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास. म्हणजे दोन हजार लोकसंख्येच्या गावात वर्षाला ३० जन्म. गर्भपात आणि मृतजन्म यांचे दहा टक्के मिळवले की ३३ गरोदरपणे. कोणत्याही एका दिवशी त्यांतल्या निम्म्या, म्हणजे १६-१७ जणी यादीवर दिसायला हव्यात. यादीत नऊच नावे असतील तर उरलेल्या सात-आठ कुठे आहेत, ते शोधणे हे पहिले काम. लहान गावात एखादे वर्ष कमी-जास्त होते, पण वर्षभर आकडा निम्म्यावरच अडकला असेल तर तो योगायोग नसतो.

सुटतात त्या ठरावीक बाया. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. सासरच्या गावात तिच्या नावापुढे 'माहेरी गेली' असा शेरा पडतो आणि माहेरच्या गावात 'ही आपल्या गावची नाही' म्हणून नोंदच होत नाही. सुरुवातीपासून खासगी दवाखान्यात जाणारी सरकारी वहीत येत नाही. वीटभट्टीवरचे कुटुंब गावच्या सर्वेक्षणात नसते. आणि अठरा पूर्ण न झालेली मुलगी: तिचे वय घरचे लपवतात, नोंद केली तर बालविवाहाचे प्रकरण उभे राहील म्हणून दवाखान्याकडे फिरकत नाहीत आणि एकदम कळा सुरू झाल्यावर तिला घेऊन येतात. सगळ्यांत जास्त जोखीम हिलाच असते. तिची तपासणी आणि औषधे कायदेशीर बाबींसाठी अडवून धरता येत नाहीत, हे गावातल्या प्रत्येक जबाबदार माणसाला माहीत हवे.

दुसरा घोळ नावांचा. आधारवर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, आणि लग्नात नाव बदलले असेल तर हाक तिसऱ्याच नावाने. मग एकच बाई तीन वह्यांत तीन जणी होऊन बसते. मोबाइल नंबर बहुधा नवऱ्याचा असतो आणि सिम बदलले की तोही जातो. जुळवणीला त्यातल्या त्यात भरवशाची खूण म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख आणि नवऱ्याचे नाव. तारीख आठवत नसेल तर सण लावून विचारावे, संक्रांतीच्या आधी की नंतर, पोळ्याच्या आधी की नंतर. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अपेक्षित तारीख. सगळे नियोजन या तारखेवर उभे असल्याने ती डोळे झाकून लिहू नये.

वह्या जुळवायला वेगळी समिती लागत नाही. दर महिन्याला अंगणवाडीत होणाऱ्या ग्राम आरोग्य व पोषण दिनाच्या दोन दिवस आधी पाऊण तास पुरतो. आशा, सेविका, सिस्टर, ग्रामपंचायतीची एक महिला सदस्य आणि बचत गटांच्या ग्रामसंघाची एक प्रतिनिधी. एकीने नावे वाचायची, दोघींनी आपापल्या नोंदीत खूण करायची. जुळलेल्या यादीत रकाने मोजकेच हवेत: नाव, अपेक्षित तारीख, शेवटचे हिमोग्लोबिन आणि ते कधी तपासले, जोखमीचे कारण, बाळंतपण कुठे ठरले आहे, गाडी कोणाची, आणि शेवटी 'कोणाकडे'. या शेवटच्या रकान्यात माणसाचे नाव लिहायचे. तिथे 'आरोग्य विभाग' किंवा 'सर्वांनी लक्ष द्यावे' असे आले की त्या बाईकडे कोणीच जाणार नाही, हे लिहून ठेवा.

इथे एक सावधगिरी. सगळीच माहिती सगळ्यांसाठी नसते. पंचायत सदस्याला किंवा गटाच्या ताईंना तारीख, गाडी आणि सोबत कोण, एवढे पुरते. रक्ततपासणीचे निकाल, आधीचे गर्भपात, मुलीचे वय या गोष्टी सिस्टर आणि आशा यांच्यातच राहायला हव्यात. ही यादी ग्रामसभेत वाचून दाखवल्याने पुढच्या महिन्यात बाया नाव द्यायच्या बंद होतात.

आता प्रत्यक्ष आरोग्य व पोषण दिनाबद्दल. कागदावर तो माता, बालक, पोषण आणि स्वच्छता अशा सगळ्यांचा दिवस आहे. प्रत्यक्षात तो लसीकरणाचा दिवस होतो, आणि दोष सिस्टरांचा नसतो. लसीचा डबा बर्फाच्या वड्यांसह सकाळी येतो आणि त्याच दिवशी परत जायचा असतो. बीसीजी (क्षयरोगाविरुद्धची) किंवा एमआर (गोवर-रुबेलाविरुद्धची) लसीची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत वापरावी लागते, नंतर टाकून द्यायची. मुले पांगून, दिवसभर येत राहिली तर 'एका बाळासाठी कुपी कशी फोडू' या विचाराने बाळ परत पाठवले जाते. सूचना अशी आहे की एका बाळासाठीही कुपी फोडावी, पण साठ्याची काळजी असलेला माणूस कचरतो. गटाच्या ताईंनी नऊ महिने पूर्ण झालेली मुले त्याच दोन तासांत आणली तर हा प्रश्नच उरत नाही. लोकसहभाग म्हणतात तो हा.

गरोदर बाईची पोटावरून तपासणी बहुतेक ठिकाणी होत नाही, कारण पडदा नसतो आणि खाट नसते. खोलीत वीस माणसे असताना कोणती बाई आडवी होईल? एक खाट, दोन पडदे, एक स्टूल एवढाच खर्च. वजनकाटा उंचसखल फरशीवर ठेवला तर एकाच बाईचे वजन दोन जागी वेगळे येते, म्हणून काट्याखाली सपाट फळी हवी. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. शिवाय ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा अबंधित निधी (गावाने आपल्या गरजेनुसार खर्चायचा) आहे, मूळ धोरणात वर्षाला गावामागे दहा हजारांचा. तो उशिरा येतो, मग मार्चमध्ये घाईघाईने खर्ची पडतो आणि गावाला हात धुण्याचा संदेश देणारा आणखी एक फ्लेक्स मिळतो. खाट, पडदा, फळी यांचा ठराव एप्रिलमध्येच करून ठेवावा, आणि नियमित ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते, त्यातून तो यावा.

संस्था आणि कंपन्यांनाही एक सांगणे. हिमोग्लोबिन मोजायचे यंत्र भेट देणे सोपे आहे. त्याच्या पट्ट्या संपल्या की ते कपाटात जाते. यंत्र देणाऱ्याने दोन वर्षांच्या पट्ट्या द्याव्यात आणि नंतर त्या कोणत्या निधीतून घ्यायच्या, ते प्राथमिक आरोग्य केंद्राशी लेखी ठरवावे. आणि कृपा करून आपल्या प्रकल्पासाठी चौथी वही काढू नये.

गोळ्यांचेही तसेच. गरोदरपणात लोहाच्या १८० गोळ्या आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८०, प्रत्येकीत ६० मिलिग्रॅम लोह. 'वाटप' या रकान्यात आकडा पूर्ण दिसतो. घरी जाऊन पाकीट बघितले तर दहातल्या सहा गोळ्या तशाच. मळमळते, शौचाला काळे होते म्हणून घाबरून सोडतात, किंवा चहाबरोबर नाहीतर कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतात आणि लोह नीट शोषले जात नाही. दोन गोळ्यांत दोन तासांचे अंतर हवे, हे सासूला समजले की काम निम्मे होते. म्हणून पाकीट बघायचे, वाटपाचा रकाना नव्हे. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असेल तर गोळ्यांवर विसंबायचे नाही. तिला रुग्णालयातच न्यायला हवे.

छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत गाडी ठरलेली हवी. १०८ आणि १०२ च्या रुग्णवाहिका आहेतच, पण ज्या पाड्यावर फोनला रेंज नाही तिथे दोन गाडीवाल्यांची नावे आणि घरची मोठी मुले कोणाकडे राहतील, हेही ठरलेले असावे. बाळंतपणानंतरच्या जोरदार रक्तस्रावात हातात दोनेक तास असतात. केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून जिल्हा, अशी पायरीपायरीने बाई चढवली तर तेवढा वेळ वाटेतच जातो. निघण्याआधी पुढे फोन करून भूलतज्ज्ञ आहे का आणि रक्त आहे का, हे दोन प्रश्न विचारणारा माणूस आधीच नेमावा. पुढे पाठवण्याच्या चिठ्ठीवर निघाल्याची वेळ लिहावी. वेळ नसेल तर उशीर कुठे झाला, ते नंतर कळत नाही.

नवजात बाळाच्या पाठपुराव्यात महाराष्ट्राने देशाला वाट दाखवली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी घेतली. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून आशांच्या गृहभेटी देशभर सुरू झाल्या: दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळाला सर्वाधिक धोका पहिल्या आठवड्यात असतो आणि नेमका तेव्हाच माहेर-सासरचा घोळ आडवा येतो. तालुक्याला बाळंत झालेली बाई तिथून थेट माहेरी जाते. सासरची आशा तिथे जाऊ शकत नाही, आणि माहेरच्या आशेला बाळ झाल्याचे बाराव्या दिवशी, बारशाच्या निमित्ताने कळते. सुटी देतानाच 'घरी कुठल्या गावी जाणार' असे विचारून तिथल्या आशेला फोन करायचा, एवढाच उपाय आहे. अडीच किलोच्या आतले बाळ असेल तर हा फोन झाल्याशिवाय गाडी सुटू नये.

गरोदर आणि बाळंतिणींना आर्थिक मदत देणाऱ्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या तक्रारींत बऱ्याचदा पैसे आलेलेच असतात. पहिल्या अपत्यासाठी ३,००० आणि २,००० असे दोन हप्ते आधार जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खाते माहेरी कधीकाळी काढलेले, विसरलेले निघते. तक्रार लिहिण्याआधी बँकेत आधार कोणत्या खात्याला जोडले आहे, ते बघून घ्यावे.

शेवटी ऊसतोडीचे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या काळात बाळंतपणाची तारीख असलेल्या बायांची यादी सप्टेंबरातच तयार व्हायला हवी. कोण जाणार, हे आरोग्य विभागाच्या कितीतरी आधी टोळीच्या मुकादमाला माहीत असते, कारण उचल (आगाऊ रक्कम) देताना कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी त्याच्याकडे लिहिली जाते. त्याला सोबत घेतल्याशिवाय ही यादी पूर्ण होत नाही. निघताना बाईकडे माता व बालसंरक्षण कार्ड, त्याचा मोबाइलमध्ये फोटो आणि मुक्कामापुरत्या गोळ्या असाव्यात. कारखान्याच्या परिसरातल्या आरोग्य केंद्राला नावे आधी कळवावीत आणि पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करावी. तिकडच्या केंद्राने तपासणी दुपारी ठेवू नये. फडावर (तोडणीच्या शेतात) गैरहजर राहिले की खाडा पडतो, म्हणजे पैसे कापले जातात, त्यामुळे दिवसा कोणी येत नाही. संध्याकाळी, गाड्या भरून झाल्यावर, कोप्यांवरच (त्यांच्या झोपड्यांवर) जावे लागते. कारखान्याने तिथे दिव्याची आणि आडोशाची सोय केली तरी सिस्टरांचे काम होते.

आपले,
माता-बालआरोग्याच्या गावपातळीवरील कामातील काही कार्यकर्ते