टॉवरवरचा पाऊस मोजून घ्या: मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तरच अतिवृष्टी धरली जाते. ही नोंद मंडळातल्या एका पर्जन्यमापकाची. बालाघाटाच्या पट्ट्यात वळीव बांधाच्या अलीकडे कोसळतो आणि पलीकडे शिंतोडेही नसतात. मापक कोरड्या बाजूला असेल, तर वाहून गेलेले सोयाबीन कागदावर येतच नाही.

दुसरी नोंद मात्र रोज होते आहे, फक्त कोणी मागत नाही. दोन मोबाइल टॉवरांवरच्या गोल डिशांमध्ये मायक्रोवेव्ह लिंक, म्हणजे रेडिओलहरींचा थेट दुवा असतो. पावसाच्या थेंबांनी सिग्नल पडतो आणि तो किती पडला हे कंपनीच्या सर्व्हरवर साधारण दर १५ मिनिटांनी उमटते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१३ साली सुमारे २,४०० लिंकवरून देशभराच्या पावसाचे नकाशे प्रसिद्ध केले.

हिशेब असा. समजा, केज तालुक्यात ४ किलोमीटरची, १५ गिगाहर्ट्झची लिंक आहे. कोरड्या हवेत सिग्नलची पातळी उणे ४२ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे एकक; त्यातला फरक डीबीत मोजतात), पावसात उणे ४८.५. घट साडेसहा डीबी. त्यातली दीड डीबी भिजलेल्या डिशची म्हणून वजा केली, की उरते किलोमीटरमागे १.२५ डीबी, म्हणजे ताशी सुमारे १९ मिलिमीटर पाऊस. डिशचे वजा करायला विसरलात तर तोच पाऊस २४ दिसतो. हिवाळ्यात तर दवानेही डिश भिजते आणि निरभ्र पहाटे पाऊस 'पडतो'. म्हणून शेजारच्या लिंकाही एकाच वेळी पडल्या का, हे आधी तपासावे लागते.

कंपन्यांकडून नेमके काय मागायचे? दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश, फ्रिक्वेन्सी, पोलरायझेशन (लहरी आडव्या की उभ्या), आणि आलेल्या व पाठवलेल्या सिग्नलच्या पातळ्या. पाठवलेली पातळी हवीच, कारण काही रेडिओ पावसात आपोआप पॉवर वाढवतात आणि घट झाकली जाते. कोण कोणाशी काय बोलले, याचा यात संबंध नाही. ७ गिगाहर्ट्झच्या लांब लिंका वगळा. ताशी १० मिलिमीटर पावसातही त्या किलोमीटरमागे ०.१ डीबीसुद्धा पडत नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट झाली, तर वितळत्या गारा आकडा फुगवतात. ते तास वेगळे काढा.

सगळ्यात घातक चूक वेगळीच. ढगफुटीत लिंक पार तुटते, रकाना रिकामा राहतो आणि संगणक तिथे शून्य भरतो. ऐन अतिवृष्टीचा तास कोरडा! रिकामा रकाना रिकामाच ठेवावा आणि लिंक पावसाने तुटली की वीज गेल्याने, हे कळायला शेजारच्या टॉवरची वीज त्या वेळी होती का, हेही पाहावे.

पहिल्या खरिपात या आकड्यांवर कोणाची मदत ठरवू नका. बीड आणि धाराशिवमधले आकडे मंडळांच्या मापकांशी रोज ताडून पाहा. डेटा मेअखेरीस सुरू व्हायला हवा. कोरड्या दिवसांची मूळ पातळी हाती नसेल तर जूनचा पाऊस मोजता येणार नाही.

आपले,
मराठवाड्यातील दूरसंचार व कृषी हवामान क्षेत्रांतील काही तंत्रज्ञ