मुक्ताच्या एमएसडब्ल्यूबद्दल सुधीरला पत्र

पुणे,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

मुक्ताला बी.ए. झाल्यावर समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू, घ्यायची आहे आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत, हे तू फोनवर सांगितलंस. "कुठलं कॉलेज चांगलं तेवढं सांग, बाकी आम्ही बघतो," असंही म्हणालास. एका नावात उत्तर देता आलं असतं, पण त्या पोरीची पुढची दोन वर्षं आणि त्यानंतरचं सगळंच त्यावर उभं राहणार आहे. म्हणून सविस्तर लिहायला बसलोय. हे पत्र वहिनींना आणि अण्णांनाही वाचायला दे.

आधी अण्णांचं बोलणं घेतो, कारण ते टाळून पुढे जाता येणार नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला डिग्री कशाला, बाबा आमट्यांकडे कुठली होती, असं ते म्हणतात ना? बाबा वकील होते हे खरं. पण कुष्ठरोग्यांचं काम हाती घेतल्यावर ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन तो आजार रीतसर शिकून आले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तर डॉक्टर असूनही सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घ्यायला अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले आणि परत आल्यावर १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू केलं. अण्णा ज्यांना मानतात, ती माणसं शिकूनच कामाला लागली. कळकळ तर हवीच. पण कळकळीच्या माणसाने समोरच्याचं नुकसान केलेलं मी फार जवळून पाहिलं आहे, आणि ते नुकसान सोसणारा कधी तक्रार करायला येत नाही.

हॉस्पिटलातला समाजसेवा अधीक्षक म्हणून माझ्या रोजच्या कामातलं एक उदाहरण देतो. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडचे, आपल्या लातूरकडचे टीबीचे पेशंट आमच्या हॉस्पिटलात येतात. सहा महिन्यांचा औषधाचा कोर्स दोन महिन्यांतच सुटलेला असतो. वॉर्डातला कुणीही म्हणेल, अडाणी माणूस, बरं वाटलं की गोळ्या बंद करतो. एमएसडब्ल्यूची मुलगी असेल तर तिला पहिल्यांदा शिकवलं जातं ते म्हणजे हा निष्कर्ष बाजूला ठेवून विचारायचं. मग कळतं की औषधं गावच्या आरोग्य केंद्रातून सुरू झाली होती, मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली होती, टोळी निघाली तेव्हा त्यालाही निघावं लागलं. फडात दवाखान्याला सुट्टी घेतली तर खाडा धरला जातो. टीबीच्या पेशंटला आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये मिळायला हवेत, पण खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून तेही अडकलेत. आता काय करायचं? त्याची नोंद कारखान्याजवळच्या केंद्रात वर्ग करून घ्यायची, तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्याशी बोलायचं, मुकादमाशी न भांडता पण ठामपणे बोलायचं, बायकोची आणि कोपीतल्या पोरांची तपासणी करून घ्यायची, बँकेचं काम मार्गी लावायचं. यातली एकेक गोष्ट साधी आहे. पण कुठल्या क्रमाने करायची, कुठे त्या माणसाला पुढे करायचं आणि आपण मागे राहायचं, हे शिकावं लागतं. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन अशी जाड नावं पुस्तकात असतात, त्यांचा अर्थ हाच.

आता मुद्द्याचं बोलतो. समाजकार्याची पदवी वर्गात मिळत नाही रे, ती क्षेत्रकार्यात मिळते. पोरं त्याला फील्डवर्कच म्हणतात. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी एखाद्या संस्थेत, वस्तीत, दवाखान्यात, बालगृहात किंवा पोलीस ठाण्यातल्या कक्षात काम करतात. तिथे काय घडलं, आपण काय बोललो, समोरचा काय बोलला, आपल्याला काय वाटलं, हे सगळं लिहून काढायचं. त्याला रेकॉर्डिंग म्हणतात. मग कॉलेजातले मार्गदर्शक ते वाचतात आणि विद्यार्थ्याला समोर बसवून त्यावर बोलतात. त्याला सगळे 'आयसी' म्हणतात, वैयक्तिक चर्चा. शिवाय ग्रामीण शिबिर असतं, शेवटी महिनाभर एका संस्थेत सलग काम, म्हणजे ब्लॉक प्लेसमेंट असतं, आणि बहुतेक ठिकाणी छोटा शोधप्रबंध.

या आयसीवर सगळं अवलंबून असतं. एक उदाहरण घे. बाईने सांगितलं, नवरा मारतो. विद्यार्थिनीने लगेच सल्ला दिला, तक्रार करा. बाई पुढच्या आठवड्यात आलीच नाही. चांगला मार्गदर्शक ते रेकॉर्डिंग वाचून विचारतो, ती का आली नसेल? तिला तुझ्याकडून सल्ला हवा होता की आधी कुणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं? तक्रार केल्यावर त्या रात्री ती झोपणार कुठे, हे तू विचारलंस का? असे प्रश्न दोन वर्षं दर आठवड्याला झेललेली मुलगी आणि नुसती वही भरून सही घेतलेली मुलगी, दोघींच्या हातात कागद एकच असतो. पण समोरच्या बाईला दोघींतला फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत आणि किती जणांना नोकऱ्या लागल्या त्याचे आकडे बघू नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा: फील्डवर्कला कुठे पाठवतात? तिथे शिकलेला समाजकार्यकर्ता आहे का? आयसी खरंच होते का, आणि रेकॉर्डिंग परत मिळतं तेव्हा त्यावर काही लिहिलेलं असतं का?

आता नावं. पहिलं अर्थातच देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, टिस. आपल्या देशातलं समाजकार्याचं पहिलं शिक्षण तिथेच सुरू झालं, १९३६ साली, नागपाड्याच्या नेबरहुड हाऊसमध्ये. क्लिफर्ड मॅन्शार्ड नावाचे अमेरिकन मिशनरी तिथल्या कामगार वस्तीत काम करत होते, त्यांच्या पुढाकारातून आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून. त्याआधी १९११ पासून ना. म. जोशींची सोशल सर्व्हिस लीग गिरणगावात होती, पण पदव्युत्तर शिक्षण म्हणून हे पहिलंच. टिसमध्ये मुलं आणि कुटुंब, गुन्हेशास्त्र आणि न्याय, दलित आणि आदिवासी अभ्यास, अपंगत्व, मानसिक आरोग्य असे वेगवेगळे रस्ते आहेत. पण माझ्या लेखी त्या संस्थेचं मोठेपण तिच्या प्रत्यक्ष कामात आहे. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू झालेला महिला आणि मुलांसाठीचा विशेष कक्ष त्यांचाच, आज तो महाराष्ट्रभर पोहोचला आहे. अडचणीतल्या मुलांसाठीची १०९८ ही फोनसेवा, चाइल्डलाइन, १९९६ मध्ये तिथूनच निघाली. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या निवारागृहातला अत्याचार २०१८ मध्ये उघड झाला, तो टिसच्या 'कोशिश' गटाने केलेल्या सामाजिक अंकेक्षणातून. मुक्ताला बायकांच्या प्रश्नांवर काम करायचं आहे ना, मग तिने हे नीट वाचून काढावं.

टिसला जायचं तर सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि मग संस्थेची मुलाखत. या परीक्षेचे अर्ज थंडीतच भरून होतात आणि परीक्षा मार्चच्या सुमाराला असते, तेव्हा ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाच हालचाल करावी लागेल. निकालानंतर बघू असं म्हणालात तर वर्ष गेलं.

मुंबईतच निर्मला निकेतन आहे, १९५५ पासूनचं. वर्ग लहान, शिस्त कडक, आणि वस्तीतलं काम फार मनापासून करून घेतात. तिथून शिकून आलेल्या सहकाऱ्यांची केस लिहिण्याची हातोटी मला नेहमी वेगळी जाणवते. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे, १९६३ ची, माझ्या घरापासून फार लांब नाही, त्यामुळे मुक्ता तिथे आली तर आमच्या घरात एक माणूस वाढेल एवढंच. कोल्हापूरचं सायबर, सोलापूरचं वालचंद, नगरचं सीएसआरडी, नागपूरला मातृसेवा संघाचं आणि तिरपुडे कॉलेज, ही सगळी जुनी आणि नाव कमावलेली ठिकाणं. गोव्यात पणजीचं डॉन बॉस्को आहे.

पण तुळजापूर विसरू नकोस. टिसचं ग्रामीण आवार तिथे आहे, उदगीरहून तुला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी भागातल्या पुनर्वसनात टाटा संस्थेची माणसं होती, ते आपल्या पिढीने पाहिलेलं आहे. मुक्ताला मराठवाड्यातच राहून काम करायचं असेल, दुष्काळ, स्थलांतर, बालविवाह हे तिचे प्रश्न असतील, तर मुंबईत दोन वर्षं घालवून परत येण्यापेक्षा तुळजापूरचा विचार आधी करावा असं मला मनापासून वाटतं. शहरातल्या वस्तीत शिकलेलं सगळंच गावात चालत नाही. गावात भावकी आहे, जात आहे, पाण्याची पाळी आहे, आणि तुम्ही कुणाच्या ओसरीवर आधी बसलात यावर पुढचं काम ठरतं.

सामाजिक न्याय विभागाच्या अनुदानावर चालणारी समाजकार्य महाविद्यालयंही आपल्या भागात आहेत. फी कमी, घराजवळ. त्यांना नावं ठेवणाऱ्यांच्या मी विरोधात आहे, कारण शेतमजुरांच्या घरातली कितीतरी पोरं त्यामुळेच या क्षेत्रात आली आणि आज जिल्ह्याजिल्ह्यात खरं काम तीच ओढतात. मात्र प्रत्येक कॉलेज सारखं नाही. तिथेही आयसीचा प्रश्न विचाराच. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं दूरस्थ एमएसडब्ल्यू आधीपासून संस्थेत नोकरी करणाऱ्याला उपयोगी पडतं. मुक्तासारख्या कोऱ्या मुलीला नाही, तिला समोर बसून शिकवणारं माणूस हवं. आणि वहिनींच्या भाच्याने बारावीनंतरच विचारलं होतं ना, त्याच्यासाठी बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पहिली पदवी, आहे. पण मुक्ताचं समाजशास्त्राचं बी.ए. वाया जात नाही, एमएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो.

पोटापाण्याचं विचारलंस ते योग्यच आहे. बापाने विचारायलाच हवं. सुरुवातीचा पगार बऱ्याच ठिकाणी कमी असतो, नोकरी कंत्राटी असते, प्रकल्पाचा निधी संपला की माणसंही संपतात. सरकारी एड्स नियंत्रणाच्या केंद्रांतले समुपदेशकसुद्धा वर्षानुवर्षं करारावर राबतात, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. डॉक्टर-वकिलांसारखी आपल्या देशात समाजकार्याची स्वतंत्र परिषद नाही, त्याचाही हा परिणाम आहे. पण दारं बंद नाहीत. हॉस्पिटलात माझ्यासारखे समाजसेवा अधीक्षक असतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, ते काम सांभाळायला शिकलेलं माणूस लागतं. अवयवदानाच्या समन्वयकांमध्येही एमएसडब्ल्यू झालेले आहेत. बालन्याय कायद्याखाली जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग समाजकामावर खर्च करावा लागतो, तिथेही जागा निघाल्या. आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा जास्त कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी नेमायला लावला, तेव्हापासून कामगार कल्याण आणि मनुष्यबळ घेऊन एमएसडब्ल्यू करणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. पगार तिथे बरा. मुक्ताचा कल त्याकडे नसेल तर केवळ पगारासाठी तिला तिकडे ढकलू नका.

मानसिक आरोग्याचं तिने मनावर घेतलं तर एमएसडब्ल्यू पुरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मनोविकार समाजकार्यकर्ता म्हणवून घ्यायला त्यापुढची दोन वर्षांची एम.फिल. लागते, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेसारख्या ठिकाणची. यूजीसीने एम.फिल. पदवी बंद केली, या विषयाला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली होती. तेव्हा तो रस्ता धरायच्या वेळी नवे नियम बघूनच पाऊल टाका.

वहिनींच्या काळजीबद्दल. मुलगी वस्तीत, दारू पिणाऱ्यांच्या घरात, पोलीस ठाण्यात जाणार, ही भीती खोटी नाही. पण ती एकटी जात नाही. संस्था असते, सोबत वस्तीतली ताई असते, वेळा ठरलेल्या असतात. मला वहिनींना दुसरंच सांगायचं आहे. पहिल्या सहा महिन्यांत ती घरी येईल तेव्हा गप्प असेल, जेवण कमी झालेलं असेल. एखाद्या लहान पोराचं ऐकून आलेली असेल. तेव्हा "सोड हे, दुसरं काहीतरी कर" असं म्हणू नका, आणि खोदून विचारूही नका, कारण पेशंटची गोष्ट घरी सांगायची नसते. शेजारी बसा फक्त. बाकीचं तिचे मार्गदर्शक बघतील, आणि चांगलं कॉलेज निवडायचं ते यासाठीही.

एक कर. निर्णय घ्यायच्या आधी तिला आठवडाभर माझ्याकडे पाठव. बिदर एक्सप्रेसने पहाटे पुण्यात उतरेल, मी स्टेशनवर येतो. आमच्या विभागात सध्या दोन कॉलेजांची मुलं प्लेसमेंटला आहेत, त्यांच्यासोबत वॉर्डात फिरू दे, तिचे प्रश्न तिने त्यांनाच विचारावेत. येताना उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जातवैधतेच्या प्रती घेऊन येऊ दे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा ते इथेच बसून बघू. नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपली असेल तर उद्याच तहसीलला जा, ऐन प्रवेशाच्या वेळी तिथे रांग लागते.

अण्णांना साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, मुक्ताला अनेक आशीर्वाद.

तुझा,
विलास