सात नंबरच्या काकूंकडून

प्रिय डॉक्टर,

मिरजेच्या त्या आयसीयूत तुम्ही मला ‘सात नंबरच्या काकू’ म्हणायचात. नाव विचारायला तुम्हाला उसंत नव्हती आणि सांगायचं मला सुचलं नाही. डिस्चार्जच्या दिवशी तुमची नाइट संपवून तुम्ही निघून गेला होतात, म्हणून बोलायचं राहूनच गेलं. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही मला जे समजावलंत ते आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या प्रत्येकाला कळायला हवं.

आमच्या ह्यांचा अल्सर फुटला होता. गुडघ्यासाठी कुणाला न विचारता दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी, आणि २०१८ मध्ये स्टेंट बसवल्यापासून चालू असलेली रक्त पातळ ठेवायची गोळी. दोन्ही मिळून आतड्याच्या तोंडाशी छिद्र पडलं. ऑपरेशन रात्रीच झालं, पण तोवर पोटभर घाण पसरून जंतुसंसर्ग रक्तात गेला होता. व्हेंटिलेटर, बीपी टिकवायचं औषध, मानेतून घातलेली सलाइनची नळी.

चौथ्या दिवशी रिपोर्टांच्या चळतीत मला एक ओळखीचा शब्द दिसला. कोलेस्टेरॉल ८२. स्टेंटपासून आमच्या घरातला स्वयंपाक ह्याच आकड्याच्या धाकानं चालतो. तेल मोजून, वरणावरची तुपाची धार बंद, अंड्यातलं पिवळं बाजूला. एवढं करून, वर गोळी घेऊनही, तो १६० च्या खाली कधी उतरला नव्हता. ८२ बघून मला हायसं वाटलं. मी तुम्हाला म्हटलं, “एवढी एक गोष्ट तरी चांगली आली बघा.”

तुम्ही ‘हो’ म्हणून आठ नंबरकडे वळला असतात तरी मला काही कळलं नसतं. तुम्ही मात्र मला बाहेर आणलंत, शेजारी बसलात आणि औषधाच्या बिलाच्या पाठीवर पेनानं लिव्हर काढलंत. म्हणालात, “काकू, घराला आग लागल्यावर कुणी भाकऱ्या थापत बसतं का? लिव्हरचं सध्या तसं झालंय.” शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल लिव्हरच बनवतं; एवढं मोठं ऑपरेशन आणि जंतुसंसर्ग झाला की ते रोजचं काम मागे ठेवून सीआरपीसारखी, संसर्ग-सूज असताना रक्तात वाढणारी प्रथिनं तयार करायला लागतं. त्यात एवढं सलाइन गेल्यामुळे रक्तही थोडं पातळ झालेलं. आणि नेमकं आत्ताच कोलेस्टेरॉल जास्त लागतं. पेशींची आवरणं दुरुस्त करायला लागतं, संकटाच्या वेळी लागणारं कॉर्टिसॉल त्यातूनच बनतं, आणि ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो ते एचडीएल जंतूंचं विष पकडून ठेवतं. म्हणून अशा आजारात आकडा फार खाली गेला आणि वर येईना, तर डॉक्टरांना काळजी वाटते.

माझ्या पोटात धस्स झालं. इतकी वर्षं मी त्यांना कोरडं खाऊ घातलं, त्यानंच हे झालं का, असं मी विचारलं. विचारलं कसलं, रडलेच. तुम्ही फाइल मागवलीत, ऑपरेशनच्या दोन महिने आधीचा रिपोर्ट काढलात आणि १६४ वर बोट ठेवलंत. “हे तुमच्या स्वयंपाकानं पडलेलं नाही. आजारानं चार दिवसांत पाडलंय. तुमचं पथ्य हृदयासाठी बरोबरच होतं.” डॉक्टर, त्या रात्री मी पहिल्यांदा दोन तास झोपले.

दुसऱ्या दिवशी आमचे भाऊजी गावाकडचं साजूक तूप घेऊन आले, नळीतून द्या म्हणाले. तुम्ही त्यांना हसला नाहीत. घड्याळाचा काटा पुढे ढकलला म्हणून दिवस लवकर मावळत नाही, एवढंच म्हणालात. आकडा वर ओढायचा नसतो, माणूस सुधारला की तो आपोआप वर येतो. मग करायचं काय, तर संसर्ग आटोक्यात आणायचा आणि खाणं पोचवायचं. डाएटिशियन मॅडमनी पोटातल्या नळीतून तासाला २० मिलीनं सुरुवात केली, पोट फुगत नाही ना ते बघत बघत ६० पर्यंत नेलं. ह्यांच्या ६२ किलो वजनाला दिवसाला निदान ७५ ग्रॅम प्रथिनं गेली पाहिजेत, हे मला त्यांच्याकडून कळलं. तोवर आयसीयूत सलाइनवरच माणूस जगतो अशी माझी समजूत होती.

बिलाच्या त्या कागदावर मग तुम्ही दोन रांगा सुरू केल्यात, एकीत सीआरपी, दुसरीत कोलेस्टेरॉल. ८२, ८८, ९७. आणि दहाव्या दिवशी पुन्हा ८५. त्या दिवशी तुमचा चेहरा मी विसरणार नाही. तापही किंचित चढला होता, पांढऱ्या पेशी वाढल्या होत्या. तुम्ही सरांना फोन लावलात, सीटी स्कॅन झालं, आणि लिव्हरखाली साठलेला पू सापडला. नळी टाकून काढला. नुसत्या कोलेस्टेरॉलवरून हे ओळखलं नाही, सगळं मिळून शंका आली, असं तुम्ही मला नंतर बजावून सांगितलंत. श्रेय घेणं सोपं होतं, तुम्ही घेतलं नाहीत. पण कुणीतरी सात नंबरच्या बेडचे आकडे रोज एकमेकांशेजारी ठेवून बघत होतं, हे मला माहीत आहे.

त्यानंतर सीआरपीची रांग उतरत गेली आणि दुसरी चढत. १०४ आला त्या आठवड्यात व्हेंटिलेटर निघालं. ११९ ला ते खुर्चीत बसले, फिजिओच्या मुलानं दोन्ही काखांत हात घालून बसवलं होतं. पहिलं वाक्य बोलले ते “चहा मिळेल का?”

कोलेस्टेरॉलची गोळी कधी सुरू करायची, हे तुम्ही स्वतः न ठरवता हृदयाच्या डॉक्टरांना विचारून सांगितलंत. आयसीयूतलं कमी कोलेस्टेरॉल आणि ओपीडीतलं कमी कोलेस्टेरॉल ह्यांची गल्लत करू नका, आणि घरी गेल्यावर लगेच तपासू नका, पूर्ण बरे झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी तपासा, असंही म्हणालात. तसंच केलं. परवा रिपोर्ट आला, गोळी चालू असताना १५८. वजन चार किलो भरलं. गुडघ्याची ती गोळी घरातून हद्दपार झाली, आता शेक आणि व्यायाम.

तो कागद माझ्याकडे आहे. लिव्हरचं चित्र, दोन रांगा, आणि कोपऱ्यात तुम्ही मला लिहून दिलेलं, ‘काकू, जेवलात का?’

दिवाळीला फराळाचा डबा घेऊन आम्ही दोघं येणार आहोत. ह्यांना जिना चढवतो आता. त्या आठवड्यात तुमची ड्यूटी दिवसाची आहे की रात्रीची, तेवढं सिस्टरांकडे सांगून ठेवा.

तुमची,
सात नंबरच्या काकू