कोटाच्या बटणाएवढ्या बुशपायी अख्खी डिस्क प्लेट?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्कबद्दल लिहितोय. पत्र जरा लांबणार आहे, जागेअभावी कापावं लागलं तर माझं रडगाणं कापा पण ब्रेक कसा तपासायचा तो भाग तेवढा ठेवा, कारण दुचाकी तर नाशकात घरटी दोन आहेत आणि पुढचा ब्रेक वाजायला लागला की सगळे जण माझ्यासारखेच फिरत बसणार.

मी सिडकोत राहतो, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि समोर रिजेक्शनचा ट्रे. गाडी साडेतीनशे सीसीच्या आसपासची, सहा वर्षं जुनी, पंचावन्न हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव मुद्दाम घेत नाही, भांडण एका शोरूमशी नाहीच आहे.

आवाज पहिल्यांदा माझ्या नाही, बायकोच्या कानावर आला. मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबताना म्हणाली, अहो पुढनं काहीतरी बांगड्या किणकिणल्यासारखं वाजतंय. मी दुर्लक्ष केलं. मग पंधरा दिवसांनी किणकिण जाऊन टक् असा आवाज यायला लागला, ब्रेक दाबला की एकदा टक्, सोडून परत दाबला की परत टक्, आणि पार्किंगमध्ये गाडी मागे ढकलताना ब्रेक लावला की उलट्या दिशेने टक्. सर्व्हिस सेंटरला नेली तर पहिलं उत्तर काय, सर नाशिकचे रस्ते बघताय ना, सिंहस्थासाठी सगळीकडे खोदकाम चालूय, सगळ्याच गाड्या वाजतात. बरं म्हटलं. दुसऱ्या खेपेला कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बदलला, मजुरीसकट साडेचौदाशे. आवाज तसाच. तिसऱ्या खेपेला डिस्क पॅड बदलले, पावणेआठशे. आवाज तसाच, उलट नवीन पॅडमुळे जरा जास्तच स्पष्ट. चौथ्या खेपेला तिथला पोरगा म्हणाला डिस्क असेंब्ली जाईल, आठ हजार सहाशे प्लस लेबर.

तेव्हा मी गाडी घरी आणली आणि रविवारी खाली पार्किंगमध्ये डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) लावून बसलो, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हल्लीच्या बऱ्याच मोठ्या गाड्यांची पुढची डिस्क एकसंध नसते. बाहेर स्टीलची रिंग असते जिला पॅड घासतात, आत ॲल्युमिनियमचा तुकडा असतो जो चाकाला बोल्टने बसतो, त्याला कॅरिअर म्हणतात, आणि या दोघांना जोडायला गोलाकार सहा-आठ-दहा छोटे बुश असतात, काही जण बॉबिन म्हणतात, काही बटण म्हणतात. असं का करतात तर तापतं म्हणून. कसारा घाट उतरताना ब्रेक दाबत गेलात तर डिस्कला हात लावून बघा, नको, लावूच नका, भाजेल. साधं गणित आहे, तीनशे मिलीमीटर व्यासाची स्टीलची रिंग अडीचशे-तीनशे अंशाने तापली तर व्यासात जवळपास एक मिलीमीटर वाढते, आणि आतला तुकडा तेवढा तापलेला नसतो, मग रिंगला वाढायला जागा नको का? ती जागा बुश देतात. जागा नसली तर रिंग वाकते आणि ब्रेक लिव्हर बोटाखाली धडधडायला लागतो. शिवाय रिंगला आडवं थोडं इकडेतिकडे सरकता येतं म्हणून ती कॅलिपरमध्ये (पॅड धरून दाबणारा भाग) आपली आपण सरळ बसते. म्हणून आडवा किंचित प्ले म्हणजे ढिलेपणा असला तर घाबरू नका, तो ठेवलेलाच असतो, आणि खडखड कमी व्हावी म्हणून बऱ्याच डिस्कमध्ये बुशखाली लहरी म्हणजे लाटेसारखा वळवलेला वायसर पण असतो.

वाईट असतो तो फिरता प्ले. पुढचं चाक उचलून घ्या, एका हाताने कॅरिअर धरा, दुसऱ्या हाताने रिंग गोल दिशेने मागेपुढे हलवायचा प्रयत्न करा. गार गाडी, पॅड मोकळे. हातात टकटक जाणवली तर बुश गेले. दुसरी पद्धत म्हणजे चाक जमिनीवरच ठेवून, ब्रेक दाबून गाडी मागेपुढे झोकायची आणि दुसऱ्या कुणाला तरी रिंग आणि कॅरिअरच्या सांध्यावर बोट टेकवायला सांगायचं, नंतर तेच बोट हँडलखाली कोनसेटजवळ. धक्का जिथे बोटाला लागतो तिथे रोग. कोनसेटच गेलेला असेल तर चाक उचलून चिमटा (चाक धरणारा पुढचा फोर्क) खालून धरून पुढेमागे ओढला की कळतंच. पॅड कॅलिपरमध्ये सरकले तरी थोडं टक् होतं, पण तो आवाज बारीक असतो. एवढी तपासणी पाच मिनिटांची आहे हो, तिच्यासाठी माझे सव्वादोन हजार गेले.

माझ्या गाडीवर रिंगच्या कडेला फिरता प्ले भरला ०.६ मिलीमीटर. आमच्या खात्यात ०.०२ ने पीस बाहेर गेला की ट्रे लाल होतो, इथे माणूस बसतो त्या गाडीचा ब्रेक आहे.

आता बुश बदलायचे म्हणजे किती मोठं काम? ते मला आधीच माहीत होतं, कारण गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका पोराच्या जुन्या बाहेरच्या देशातल्या गाडीला मीच बदलले होते. त्या डिस्कचे बुश सर्कलिपने (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) बसवलेले होते म्हणजे उघडता येतात. त्याने कुठूनतरी किट मागवलं, अडीच हजाराच्या आसपास पडलं, त्यात बुश, लहरी वायसर, साधे वायसर आणि सर्कलिप सगळं नवीन. चाक काढलं, पण डिस्कच्या बाजूने जमिनीवर ठेवलं नाही, कारण एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) दात्यांची रिंग तिथेच असते आणि ती जरा वाकली की मीटरवर दिवा लागून बसतो. डिस्कचे बोल्ट लॉकटाईटने (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) घट्ट होते, हे बोल्ट गार असताना जोर लावून काढायला गेलात की ॲलन की गोल फिरते आणि डोकं खराब होतं, बोल्टचं आणि आपलं पण. हीटगनने दोन-दोन मिनिटं गरम केले, मग लोण्यासारखे सुटले. रिंग कुठल्या तोंडाने होती ते मार्करने लिहून ठेवलं. मग सी-क्लॅम्पने वायसर दाबायचा आणि सर्कलिप काढायची. पहिलीच सर्कलिप उडाली ती वॉचमनच्या खुर्चीखाली सापडली, तेव्हापासून वर फडकं धरून काढल्या. जुने बुश बाहेर, भोकं ब्रेक क्लीनरने साफ, नवीन बुश कोरडेच बसवले. ग्रीस बिलकुल लावायचं नाही, तापलं की ते पातळ होऊन पॅडवर जाणार आणि मग ब्रेक नावालाच. बोल्ट समोरासमोरचे असे आळीपाळीने टॉर्क पान्याने, नवीन लॉकटाईट लावून. चाक बसवल्यावर निघायच्या आधी लिव्हर चार-पाच वेळा पंप करायचा, नाहीतर पहिल्या दाबाला लिव्हर थेट हँडलला टेकतो, पॅड मागे गेलेले असतात म्हणून. एकूण अडीच तास, त्यात एक चहा. तो पोरगा म्हणाला काका गाडी नवीन झाली. झालीच होती.

म्हणून मी खुशीत होतो की माझ्या गाडीला पण हेच करू. तर माझ्या डिस्कचे बुश रिबिटसारखे ठोकून बंद केलेले. उघडायची सोयच नाही. पार्ट कॅटलॉग पाहिला, बुशला वेगळा नंबर नाही, सगळ्याचा मिळून एकच नंबर, डिस्क असेंब्ली. काउंटरवर विचारलं तर तो म्हणे सर, बुश असा पार्टच येत नाही. अरे येत नाही कसा, डिस्कमध्ये आठ आहेत ना!

मग सातपूरला माझा एक जुना दोस्त आहे, तीस वर्षं लेथवर, त्याच्याकडे गेलो. मटेरियलवर आमचा तासभर वाद झाला. पितळेचे करू म्हटलं तर म्हणे मऊ आहे, चेपेल. स्टेनलेसचे करू म्हटलं तर म्हणे कॅरिअर ॲल्युमिनियमचा आहे, कडक बुश त्यालाच खाईल, मग बुश वाचवून कॅरिअर घालवशील. कंपनीने कुठलं ॲल्युमिनियम घेतलंय, वर कसली प्रक्रिया केलीय ते आपल्याला कोण सांगणार. शेवटी तो म्हणाला, हे बघ भो, ब्रेकचं काम आहे, टर्न करून देतो पण याच्यावर मागे वहिनी बसणारेत हे लक्षात ठेव. ऐकलं आणि गप घरी आलो. दुसऱ्या दिवशी आठ हजार सहाशे भरले.

पण जुनी डिस्क मागून घेतली. त्यांना ते आवडलं नाही, पण माझीच होती ती.

घरी मायक्रोमीटर लावला. रिंगवर किमान जाडी कोरलेली असते, माझ्या डिस्कवर ४.५ आहे. मापली तर सगळीकडून ४.८२ ते ४.८४. नवीन ५ असते. म्हणजे पंचावन्न हजार किलोमीटरमध्ये जेमतेम एक तृतीयांश झिजली, अजून तेवढंच काय दुप्पट अंतर गेली असती. आऊट म्हणजे वाकडी पण नाही. मग उत्सुकता म्हणून आठही रिबिट ड्रिल करून उडवले. कॅरिअरची भोकं गोल, व्यवस्थित. आणि बुश हातात घेतला तर त्याच्या एकाच बाजूला, रिंग जिथे टेकते तिथे, नखाने जाणवेल अशी चकचकीत चंद्रकोर पडलेली, बाकी तीन बाजूंना मूळचा रंग तसाच. ब्रेकचा जोर नेहमी एकाच दिशेने येतो ना, म्हणून झीज पण एकाच बाजूला. आठही बुशवर तीच चंद्रकोर. बायकोच्या किचनमधल्या काट्यावर ठेवले, आठही मिळून अठरा ग्रॅम. या अठरा ग्रॅमसाठी बाकीची चांगली डिस्क भंगारात.

आता कुणी म्हणेल कंपनी सुरक्षेसाठी असेंब्ली देते, कुठल्याही गॅरेजवाल्याने ब्रेक उघडू नये म्हणून. मला हे निम्मं पटतं. पण मग परिणाम काय होतोय ते पण बघा ना. आठ हजार ज्याच्याकडे नाहीत तो तीच टकटकणारी डिस्क घेऊन वणीच्या गडाला जाणार किंवा ज्या लेथवाल्याला काही प्रश्न पडत नाहीत त्याच्याकडून पितळेचे बुश ठोकून आणणार. सर्कलिपवाली डिस्क बाहेर मिळते, किट मिळतं, म्हणजे हे जमत नाही असं नाही. १२५ सीसीच्या वरच्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचं झालं तेव्हा कंपन्यांनी केलंच की, नवीन मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि जुन्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून. सांगितलं तर करतात.

२४ डिसेंबर २०२२ ला, ग्राहक दिनाच्या दिवशी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने राइट टू रिपेअरचं म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरलीत. चांगलंय, पण पोर्टल म्हणजे कायदा नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मोकळी मिळत नाही या कारणावरून २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड ठोकला होता, पुढे अपिलं वगैरे झाली ती वेगळी गोष्ट, पण दुचाकीवाल्यांचं असं कोण बघणार? आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला म्हणून आपण पेढे वाटले, पण जो भाग सुटा मिळतच नाही त्याच्यावर टॅक्स शून्य केला तरी माझ्या काय कामाचा.

माझं मागणं एवढंच आहे की बुशला स्वतःचा पार्ट नंबर द्या. रिबिटचीच डिस्क ठेवायची असेल तर जुनी डिस्क जमा करून कंपनीनेच बुश बदललेली डिस्क परत द्यावी आणि किंमत बुशची घ्यावी. आणि सर्व्हिस सेंटरने डिस्क बदला असं सांगताना जॉब कार्डवर जाडी किती भरली आणि किमान किती चालते हे दोन आकडे लिहून द्यावेत, अंदाजाने कोनसेट बदलू नयेत. मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करून तक्रार नोंदवली आहे, ज्यांना असाच अनुभव आलाय त्यांनी पण नोंदवावी.

जुनी डिस्क परवा भंगारवाल्याला दाखवली. त्याने हातात तोलली, रिंगला लोहचुंबक लावून पाहिलं, ॲल्युमिनियमचा भाव वेगळा आणि लोखंडाचा वेगळा म्हणाला, दोन्ही सुटं केलंय हे मात्र बरं केलं साहेब. मी परत घरी घेऊन आलो. बाल्कनीत टांगलीय, बुश एका डबीत ठेवलेत, कंपनीच्या कुणाला बघायचे असतील तर दाखवेन.

आपला नियमित वाचक,
सिडको, नाशिक

(नाव छापू नये ही विनंती, गाडी आता वॉरंटीच्या बाहेर असली तरी सर्व्हिसिंगला तिथेच जावं लागतं.)