रापणीचा वाटा आणि जगाचा बाजार

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जागतिकीकरणामुळे आपली संस्कृती बुडत चालली आहे अशी तक्रार करणारी पत्रे वृत्तपत्रांच्या वाचकस्तंभात अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांत बहुधा पिझ्झा, जीन्स, इंग्रजी शाळा आणि मोबाइल यांचा उद्धार केलेला असतो. मी मालवण तालुक्यातील एका मच्छीमार सहकारी सोसायटीत एकतीस वर्षे हिशेबनीस होतो, आणि त्याच्याही आधी, कळायला लागल्यापासून, वडिलांच्या रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावर उभे राहून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की ही तक्रार चुकीच्या दारात नेऊन ठेवली जाते. बाहेरून वस्तू आल्याने कोकण कधी बुडाले नाही. बुडते आहे ती पकडलेल्या मासळीचे सगळ्यांत वाटे घालण्याची आमची रीत, आणि तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

चौल, दाभोळ, राजापूर ही बंदरे ज्या किनाऱ्यावर नांदली, त्या किनाऱ्याने परक्या मालाचा बाऊ करणे शोभत नाही. काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली. मिरची वगळून मालवणी मसाला करून पाहावा, म्हणजे तिचे आपलेपण कळेल. हापूस या शब्दातच अफोन्सो हे पोर्तुगीज नाव दडले आहे. ज्या मंगलोरी कौलांच्या घराचे चित्र ‘अस्सल कोकणी घर’ म्हणून दिनदर्शिकांवर झळकते, ती कौले १८६५ साली मंगळुरात बासेल मिशनच्या कारखान्यात भाजायला सुरुवात झाली. त्याआधी आमच्याकडे नळीची कौले होती, आणि गरिबाच्या घरावर गवत किंवा माडाची झापे. सुती जाळी जाऊन नायलॉनची आली तेव्हाही कोणी सुतक धरले नाही. सुताचे जाळे सालीच्या काढ्यात बुडवा, वाळत घाला, तरी ते कुजायचेच; नायलॉन आल्यावर माझ्या आजीने सुटकेचा निःश्वास टाकला होता.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या वाचकांसाठी रापण म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, जरी थोडक्यात सांगणे मला जमेलच असे नाही. पहाटे होडी जाळे घेऊन वाळूवरून निघते, समुद्रात अर्धवर्तुळ घालीत जाळे सोडत जाते आणि काही अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन टोकांचे दोर धरून दोन रांगांत तीस-चाळीस माणसे तासन्‌तास ओढत राहतात आणि ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ सरकत येतात. हे जाळे एका मालकाचे नसते. आमच्या वाडीच्या रापणीत तेवीस घरे होती. प्रत्येक घराने आपापला तुकडा विणून आणायचा आणि ते सगळे जोडून एक रापण उभी राहायची. एकाचा तुकडा फाटका निघाला तर त्या भोकातून तेवीस घरांची मासळी निसटणार, त्यामुळे शेजाऱ्याच्या जाळ्याकडे आपल्या जाळ्याइतकेच लक्ष ठेवावे लागे. त्यावरून भांडणेही पुष्कळ होत. रापण म्हणजे काही संतांचा मेळा नव्हता.

वडिलांची वाट्यांची वही अजून माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणीची, खाऱ्या दमट हवेने पाने फुगलेली. तीत मार्गशीर्षातल्या एका दिवसाची नोंद अशी आहे: जाळ्याचे वाटे तेवीस, होडीचे दोन, तांडेलाचा (होडीच्या म्होरक्याचा) दीड, अंगमेहनतीचे एकेचाळीस, देवाचा एक, आणि खाली वेगळ्या ओळीत ‘बिनजाळ्याचे चार’. हे चार कोणाचे, असे मी लहानपणी विचारले होते. दोन वाटे वाडीतल्या दोन विधवांचे, एक पाय अधू झालेल्या म्हाताऱ्या खलाशाचा, आणि चौथा त्या सकाळी सहज किनाऱ्याने चाललेल्या एका परगावच्या माणसाचा, कारण त्याने दोराला हात लावला होता. हात लावणाऱ्याला कालवणापुरती मासळी मिळालीच पाहिजे असा नियम होता, आणि तो कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. पुढे सोसायटीत मी सहकार कायद्याप्रमाणे पुष्कळ ताळेबंद लिहिले, पण ‘बिनजाळ्याचे’ असा रकाना मला कोठल्याही छापील नमुन्यात सापडला नाही.

आता दुसरी बाजू. १९५३ साली केरळात नॉर्वेच्या साहाय्याने मत्स्यविकासाचा प्रकल्प सुरू झाला. यांत्रिक नौका, बर्फ आणि गोठवलेली कोळंबी परदेशी धाडण्याचा धंदा यांची वाट तेथे मोकळी झाली आणि कालांतराने आमच्या किनाऱ्यावरही ट्रॉलर, म्हणजे मागे जाळे ओढीत नेणाऱ्या यांत्रिक नौका, दिसू लागले. त्यांच्या मागून पर्ससीन, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढा घालून खालून आवळायचे प्रचंड जाळे, आले, आणि अलीकडे समुद्रात एलईडी दिव्यांचा झोत सोडून मासळी गोळा करण्याचा प्रकार आला. देशाने २०२२-२३ या वर्षात १७ लाख ३५ हजार टनांहून अधिक मासळी परदेशी पाठवून सुमारे ६३,९६९ कोटी रुपये मिळवले, हे आकडे लहान नाहीत आणि त्यांतून अनेकांची घरे उभी राहिली आहेत. माझ्या चुलतभावाच्या मुलाने पर्ससीनवर काम करून स्लॅबचे घर बांधले. त्याला मी कोणत्या तोंडाने दोष देऊ? त्याच नौकेवर नेपाळमधून आलेले खलाशीही असतात, आणि तेही पोटासाठीच आलेले असतात.

प्रश्न मासळी कोठे जाते आणि तिचा दर कोण ठरवतो, हा आहे. या निर्यातीत किमतीने सर्वांत मोठा हिस्सा गोठवलेल्या कोळंबीचा असतो, आणि ती कोळंबी बहुतेक तळ्यांत वाढवलेली व्हेनामेई असते. ही जात पॅसिफिक महासागराच्या अमेरिकेकडील किनाऱ्यावरची. तिच्या व्यापारी संवर्धनाला आपल्याकडे २००९ साली परवानगी मिळाली. तिच्या खाद्यात मासळीची पूड लागते, आणि ती पूड तारलीसारख्या लहान मासळीपासून होते. तारली हा आमच्याकडे गरिबाच्या ताटातला मासा. पूर्वीही तारली अमाप पडली की ती माडांच्या मुळाशी खत म्हणून घातली जायची, पण ते माड वाडीतलेच होते आणि त्यांचे नारळ वाडीतच उतरायचे. आज तीच तारली किनाऱ्यावर न थांबता टेम्पोत चढते, तिची पूड होते, ती पूड कोणा दूरच्या तळ्यातल्या कोळंबीला घातली जाते आणि ती कोळंबी साता समुद्रापलीकडच्या ताटात पोचते. या साखळीतल्या प्रत्येक कडीला पैसे मिळतात. ‘बिनजाळ्याचे चार’ मात्र तीत कोठेच बसत नाहीत.

याचा पहिला फटका बसला तो पाटी घेऊन मासे विकणाऱ्या बायकांना. आमच्या बंदरावर पूर्वी होडी लागली की मासळीचे लहान लहान ढीग घातले जात आणि लिलाव होई. पाचशे रुपये कनवटीला असलेली बाईही एक ढीग उचलू शके. आता पुष्कळदा नौका किनाऱ्याला लागण्याआधीच मोबाइलवर दर येतो, सगळा माल एका व्यापाऱ्याच्या नावावर वजन होतो आणि बर्फाच्या गाडीत चढतो. पाटीवाली बाई मग त्याच व्यापाऱ्याकडून उरलासुरला माल दुप्पट दराने घेते किंवा रिकामी पाटी घेऊन एसटीने परत जाते. सासूकडून सुनेकडे आलेला, स्वतःच्या हातात पैसा ठेवणारा हा धंदा होता. मालाचा ताजेपणा ओळखण्याची आणि ठरलेल्या गिऱ्हाइकांच्या घरचे वार, उपास लक्षात ठेवण्याची विद्याही त्याच्याबरोबर चालली आहे.

दराचे नियम किती लांबून येतात याचे एक उदाहरण देतो. ट्रॉल जाळ्यांत कासवांना सुटायला वाट नसते या कारणावरून अमेरिकेने २०१९ पासून समुद्रातून पकडलेल्या भारतीय कोळंबीची आयात थांबवली. कासवे वाचली पाहिजेत याविषयी माझे दुमत नाही, आणि ज्या किनाऱ्यावर वेळाससारखे गाव कासवांची अंडी राखते तेथे ते असूही नये. माझे वडील रापणीत कासव आले तर त्याला हळदकुंकू लावून पाण्यात सोडत. पण आमच्या बंदरावर कोळंबीचा दर उतरला तेव्हा तो ट्रॉलरच्या आणि रापणीच्या कोळंबीसाठी एकाच पट्टीने उतरला. ज्याने कासव सोडले आणि ज्याने सोडले नाही, त्या दोघांना एकच शिक्षा झाली. त्या दिवशी लिलावाच्या जागी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने मला विचारले, “अमेरिकेत आमची सुंगटा खारट लागली काय रे?” मी एकतीस वर्षे हिशेब लिहिलेला माणूस, मला उत्तर सुचले नाही.

कायदे नाहीत असेही नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालणारा आदेश काढला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी करण्यास मनाई केली. तरीही अमावास्येच्या काळोख्या रात्री किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहावे, क्षितिजावर एखादे शहर वसल्यासारखे दिवे दिसतात.

पर्यटनाविषयी थोडेच लिहितो. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, घरगुती निवासाच्या खोल्या निघाल्या आणि अनेक घरांतल्या बायकांच्या हाती प्रथमच हक्काचा पैसा आला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण पाहुण्याला भर आषाढात ताजी सुरमई हवी असते. नारळी पौर्णिमेपर्यंत आम्ही सुके बांगडे, गोलमो (सुकी बारीक कोळंबी), खाडीतले तिसरे (शिंपल्या) यांवर दिवस काढत होतो. समुद्राला विश्रांती आणि जिभेला पालट अशी ती व्यवस्था होती. आता त्या दिवसांत कोठून तरी गोठवलेली सुरमई येते आणि ‘मालवणी थाळी’ या नावाने वाढली जाते. गेल्या डिसेंबरात मी किनाऱ्यावर एक रापण पाहिली. पाहुण्यांच्या हौसेखातर ती पाहुण्यांसाठीच लावली होती. नारिंगी जाकिटे घातलेली मुले हसत दोर ओढत होती, आणि चित्रण नीट आले नाही म्हणून तांडेलाला दोर पाच-सहा हात ढिला सोडून पुन्हा ओढायला सांगितले गेले. त्याने तसे केले, कारण त्याचे पैसे आधीच मिळाले होते. त्या मुलांपैकी कोणी वाटा मागितला नाही, आणि त्यांना तो द्यायचा असतो हे सांगण्याची गरज तांडेलालाही वाटली नाही. मासळी पडली होती ओंजळभर पेडवे, म्हणजे अगदी बारीक मासे.

रापण जशीच्या तशी टिकावी असा माझा आग्रह नाही. माझी स्वतःची मुले पुण्यात आणि दुबईत आहेत, त्यांना दोर ओढायला बोलावण्याचा मला अधिकार नाही. पण वाटे घालण्याची रीत इंजिनाच्या नौकेलाही लागू करता येते. सोसायटीच्या बंदरावर उतरणाऱ्या मालातला ठरावीक हिस्सा आधी पाटीवाल्या बायकांच्या लिलावासाठी राखावा, असा ठराव आमच्यासारख्या कोणत्याही सोसायटीला करता येईल. त्यासाठी दिल्ली किंवा वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही. तसा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. तो पडण्याची शक्यता अधिक आहे, कारण सभासदांपैकी अनेकांनी व्यापाऱ्यांकडून डिझेल आणि बर्फासाठी उचल घेतलेली आहे.

आपल्याकडे मात्र एक विनंती आहे. हापूसचा हंगाम सुरू झाला की वाशीच्या बाजारातले पेटीचे दर वृत्तपत्रांत ठळकपणे छापले जातात आणि देवगडचा बागायतदार ते पाहून दलालाशी बोलतो. २०१४ साली युरोपने आंब्यावर बंदी घातली तेव्हा त्याची बातमी पहिल्या पानावर आली होती, आणि ती यायलाच हवी होती. मासळीचे बंदरावरचे दर मात्र कोणी छापत नाही, त्यामुळे मोबाइलवर आलेला दर हाच खरा मानावा लागतो. मालवण, देवगड, वेंगुर्ले, रत्नागिरी, हर्णै या बंदरांवरील बांगडा, तारली, सुरमई आणि कोळंबी यांचे लिलावाचे दर आपण रोज एका लहान चौकटीत छापावेत. मालवणचे दर सकाळी साडेआठपर्यंत आपल्या कार्यालयाला कळवण्याची जबाबदारी मी घेतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस,
तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग